बापाच्या दगडावर बसलेला पाहुणा

"उठा! माझ्या बापावर बसलाय तुम्ही."

तो दचकून उठला. नेमकी तेव्हाच बोट कलंडली आणि तो पुन्हा तिथेच आदळला, गोणपाटात बांधलेल्या त्या सपाट ओझ्यावर. बोट लागून त्याचा चेहरा उतरला होता, पण छातीशी धरलेला कॅमेरा त्याने जरासुद्धा हलू दिला नाही.

"बापावर...?"

"त्याच्या थडग्याचा दगड आहे तो. ग्रेनडाहून घडवून नेतेय."

"अरे देवा! म्हणजे पहिल्याच भेटीत तुमच्या वडिलांच्या मांडीवर बसलो की मी!"

व्हर्लिनला हसू फुटणारच होतं. मग तिची नजर कॅमेऱ्यावर गेली आणि तिने हसू गिळलं. "कोण तुम्ही?"

"लेनॉक्स बेडो. लंडनचा. म्हणजे... आई कॅरियाकू बेटाची. विंडवर्डची."

विंडवर्ड तिचंच गाव, आणि हे नाव गावात कोणाला ठाऊक नव्हतं? लेनॉक्सचा पहिला सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये पडदा बांधून दाखवला होता. त्यात त्याची आई, गावाची सेलिना, मान ताठ ठेवून चालणारी, लंडनच्या एका स्वयंपाकघरात फोन हातात धरून ढसाढसा रडत होती. इकडे तिची आई गेली होती आणि तिला येणं जमणार नव्हतं. नाक वाहतंय, हाताशी रुमालही नाही, आणि पोटचा पोरगा समोर उभा राहून ते कॅमेऱ्यात टिपतोय! व्हर्लिनची इस्मे आत्या अर्ध्यातूनच उठून गेली होती. पुढे त्या सिनेमाला परदेशात बक्षिसं मिळाली. नंतरचे दोन कधी आले नि कधी गेले, कोणाला कळलंही नाही. हल्ली तो लोकांच्या लग्नांची शूटिंगं करतो, असं ऐकिवात होतं.

म्हणजे आता याला नवं रडणं हवंय, व्हर्लिनने मनाशी म्हटलं. ती त्याच्यापासून दूर, पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. पण बोट धक्क्याला लागेपर्यंत तिने तीनचारदा वळून पाहिलं... केवळ लक्ष ठेवायला!

व्हर्लिन शिडं शिवायची. दुसऱ्याच दिवशी लेनॉक्स तिच्या शेडच्या दारात हजर. बाहेर भुरभुर पाऊस, आणि त्याने स्वतः भिजत कॅमेऱ्यावर सदरा पांघरलेला.

"आत येऊ?"

"तो बाहेर राहील, तर या."

"भिजेल हो बिचारा."

"मग दोघेही बाहेर राहा."

तो खरंच दारातच बसला, चौकटीला टेकून. रोज यायचा, कधी भाजलेलं कणीस घेऊन, कधी नुसताच. सुईत दोरा ओवून द्यायचा आणि मुद्दाम उशीर लावायचा.

"माझ्याकडे असं का बघता हो? चोर असल्यासारखं?"

"चोराकडे कसं बघायचं असतं?"

"काय चोरलं मी?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि सुई बोटात घुसली.

खरी भीती हीच होती. बाप गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दगड बसवण्याचा आणि त्यानिमित्तच्या जेवणाचा दिवस तोंडावर आला होता. त्या दिवशी आपला बांध फुटणार, हे तिला ठाऊक होतं. या माणसाला नेमकं तेच हवं असलं तर? ही कणसं, हे हसणं, सगळं त्या एका क्षणासाठी असलं तर? आणि वाईट म्हणजे, शेडबाहेर त्याची पावलं वाजली की तिचा टाका हमखास चुकायचा. स्वतःचाच राग यायचा तिला.

"दगडाच्या जेवणाला बोलावणार ना मला?" एके दिवशी त्याने विचारलं.

"कॅमेऱ्याशिवाय."

"कॅमेऱ्याशिवाय," तो लगेच म्हणाला. फारच लगेच!

आदल्या दिवशी अंगणात मोठमोठी पातेली चढली. दगड बापाच्या पलंगावर पांढऱ्या चादरीत निजवला. शेजारच्या मेजावर इस्मे आत्याने गेलेल्या थोरांसाठी ताट मांडलं: मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा म्हणजे कुकू, तुरीचे दाणे, मासा, सगळं बिनमिठाचं, आणि गेलेल्यांच्या आवडीचं थोडंथोडं, कोणाला रम, कोणाला तंबाखू. दार ओढून घेतलं. आता पहाटेपर्यंत आत कोणी जायचं नाही. जेवायला येतात ते जिवंत माणसांना बघून बिचकतात.

ऊन कलताना व्हर्लिन विहिरीकडून आली. खिडकीच्या फटीतून सहज आत पाहिलं.

मेजावर, रमच्या पेल्यामागे, कॅमेऱ्याची काच चमकत होती. रोखलेली... थेट दाराकडे.

घागर तिथेच टाकून ती धावली. दार धाडकन उघडलं, मेजाला हिसका बसला, कुकू घरंगळला, रम चादरीवर सांडली. कॅमेरा हातात घेऊन ती अंगणात आली.

"चोर! मेलेल्यांनासुद्धा सोडलं नाहीत तुम्ही? उद्या मी रडले की तेही विकाल!"

लेनॉक्स पांढराफटक पडला.

"व्हर्लिन," इस्मे आत्या शांतपणे म्हणाली, "बॅटरी आहे का बघ त्यात."

तिने झाकण उघडलं. आत रिकामं.

आत्याने ॲप्रनच्या खिशात हात घातला. "ही शोधतेस? पोराने सकाळीच आणून दिली मला. आईसाठी ताटावर कॅमेरा ठेवू का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठेव. तू मात्र बापाचं जेवण उधळलंस!"

"आई गेली, यंदाच," लेनॉक्स हळूच म्हणाला. "तो सिनेमा तिने कधीच पाहिला नाही. एकदाच बोलली... 'मी रडत होते तेव्हा तू कॅमेरा खाली ठेवायला हवा होतास.' बाकी कधी काही मागितलं नाही तिने. म्हणून... आज खाली ठेवला."

व्हर्लिनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

"नसता."

"पुरे आता!" आत्याने त्यांच्या हातात एकेक पळी दिली. "उधळणारी ती, निमित्त तू. दोघं मिळून पुन्हा शिजवा. आणि मीठ घालायचं नाही हं!"

चुलीपाशी दोघं शेजारी बसली. धुराने डोळे चुरचुरत होते.

"कुकू चिकटतोय. जोरात ढवळ की," ती म्हणाली.

"ढवळ? एवढा वेळ 'तुम्ही' होतो मी."

"चोर होतास तोवर."

ताट पुन्हा मांडलं. कॅमेरा व्हर्लिनने स्वतःच्या हाताने ठेवला, सेलिनाच्या वाट्याच्या माशाशेजारी.

सकाळी ढोल वाजत दगड थडग्यावर गेला. तो बसला, आत्याने त्यावर पाणी शिंपडलं, आणि व्हर्लिनच्या आत वर्षभर धरलेलं सगळं एकदम सुटलं. ती गुडघ्यांवर कोसळली. हुंदका, नाक, सगळं एक झालं. आणि त्या रडण्यातही तिने सवयीने मान वळवून त्याला शोधलं... कुठाय? काय करतोय?

तो मागेच उभा होता. दोन्ही हात रिकामे. आणि तोही रडत होता, पोरासारखा, तोंड न झाकता.

तिने हात मागे केला. त्याने तो धरला.

"सोमवारच्या बोटीने जाणार आहेस ना?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"जाऊ?"

"विचारतोस काय, चोरा?" तिने त्याच्याच बाहीला नाक पुसलं. "जे न्यायचं होतं ते केव्हाच नेलंस. आता इथे राहून फेड."