टेकडीमागची खाट

"रंगूताई, तिथं परत जाशील का गं?"

"इचारून दाखव, मोठी शानी!" असं मैत्रिणींनी डिवचलं नसतं, तर छबूनं हे विचारलंच नसतं. पण नववीत पहिली आल्यापासून तिला भीती म्हणून उरली नव्हती. गॅदरिंगात भाषण ठोकलेली पोर ती!

रंगू आईच्या ताटात जेवत होती. दुष्काळात पाण्यावाचून टेकडीमागचा येड्यांचा दवाखाना बंद पडला, तशी ती घरी आली. तेव्हापासून आईचं ताट तिचं, आईची कूस तिची. यंदा पाऊस झाला आणि दवाखाना पुन्हा उघडावा की नको, यावर पारावर रोज भांडणं होऊ लागली.

"उघडू द्या," दादा, छबूचे वडील, म्हणाले. "ऊसतोडीला गेल्यावर हिला कोन बघनार?"

"मी नेते की संगं," आई म्हणाली. " बसंल गाडीत माज्यापाशी."

छबू मात्र शाळेसाठी मागं राहणार होती. एकटी. हा कुठला न्याय? पहिला नंबर आणणारीला घागर, आणि हिला कूस!

रंगू घास चावत हसली. "मी कशाला जाऊ? तिथल्या बाई तुजी वाट बगत्यात."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी छबू मैत्रिणींना घेऊन टेकडी उतरली. त्या फाटकाशीच थबकल्या. ही तरातरा पुढं गेली.

दाराला गंजलेलं कुलूप. छबूनं खिडकीच्या गजांना नाक लावलं. आत धूळ, कोळिष्टकं, उघड्या लोखंडी खाटांची रांग. वास मात्र गरम भाकरीचा.

शेवटच्या खाटेवर धुतलेली चादर होती. कुणीतरी आत्ताच अंथरलेली.

"आलीस? दमलीस गं माजी बाय."

आवाज आईचा होता. आई तिच्याशी असं कधी बोलली नव्हती.

डोक्यावरून हात फिरला. उबदार, खरखरीत. छबूनं डोळे मिटले.

मैत्रिणींच्या हाका आल्या. तिनं वळून पाहिलं.

त्या गजांच्या पलीकडं होत्या. ती अलीकडं, खाटेवर.

दिवेलागणीला छबू घरी आली. आईनं ताट वाढलं. ती बसली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, हसऱ्या तोंडानं.

"आई, दादा, ताईला खुशाल न्या. मी टेकडीमागं राहायला चालले. माझं ठरलंय."

"काय बोलतीस, छबे?"

"हळू! असं नावानं बोलवू नका मला," ती दाराबाहेर बघत कुजबुजली. "तिथल्या आईला खपत न्हाई."