मागच्या सीटला गरम हवा

यात रात्र नाही, ओसाड रस्ता नाही, किंकाळी नाही. भर उन्हाळ्यातल्या भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या गॅरेजमध्ये हे घडलं. माझ्या डोळ्यांदेखत. तुम्हाला पटो न पटो, मला यातलं एक अक्षरही रचावं लागलेलं नाही.

जुनी गाडी घेतली ती माझ्या हट्टामुळे. बाळंतपणाची रजा संपली होती. ठकी, माझी मुलगी, आठ महिन्यांची. तिला रोज पाळणाघरात सोडून ऑफिस गाठायचं, तेही असल्या उन्हात. या गाडीला मागच्या सीटसाठी वेगळा एसी होता. मला तेवढंच दिसलं.

पहिल्याच दिवशी पुढे मस्त गारवा. आणि मागे...

भट्टी.

मागच्या जाळीतून भसाभसा गरम हवा येत होती. ठकीला तिच्या सीटमधून उचललं तर पोर घामाने निथळत होती. मानेवर, पाठीवर घामोळं.

फक्त डावा हात कोरडा.

मला ते दिसलं होतं. पण तेव्हा तिला पाणी पाजू की हाताचा विचार करू?

डॉक्टरबाईंनी मलाच झापलं. "एवढ्याशा बाळाला उकाड्यात फिरवता? अंगातलं पाणी कमी झालं तर काय कराल?" जशी काही मी हौसेने फिरवत होते!

गॅरेजवाला म्हणाला, "गॅस कमी आहे ताई." भरला. मागे गरमच.

मग म्हणाला, "हवा वळवायची झडप अडकलीय." बदलली. मागे गरमच.

घरी नवऱ्याचं वेगळंच. "अगं, काच उघड ना. आमच्या लहानपणी कुठे होता एसी?"

"तुझ्या लहानपणी तुला पट्ट्याने बांधून उन्हात ठेवत नव्हते. उद्या तू बस मागे, मग बोल."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिसऱ्या खेपेला मी ठकीला कडेवर घेऊन गॅरेजात ठाणच मांडलं. "आज हे नीट झाल्याशिवाय मी हलणार नाही."

"मग चहा मागवू की गादी?" गॅरेजवाला म्हणाला. तोही पुरता वैतागला होता.

त्याने गाडीला लॅपटॉप जोडला. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"ही गाडी वेडी आहे ताई. आत किती गरम आहे ते कळायला मागे एक सेन्सर असतो. त्याचं ऐकून गाडी ठरवते, थंड हवा सोडायची की गरम. आणि हा शहाणा सांगतोय, मागे चार डिग्री आहे."

"चार?" बाहेर गाडीच्या पत्र्याला हात लावला तर पोळत होता.

"म्हणून बिचारी गरम हवा सोडतेय. तिला वाटतंय, मागे बसलेला माणूस गारठलाय."

तो हसला. मीही हसले. हुश्श झालं अगदी. एवढ्याशा सेन्सरने जीव खाल्ला होता!

त्याने नवा सेन्सर लावला. पडद्यावर आकडा आला...

चार.

त्याने तोंडातली शिवी गिळली. सेन्सर वायरीसकट ओढून हातात घेतला. पुढच्या सीटवर नेला. अडतीस.

ठकीच्या सीटवर धरला. तीस.

मग त्याचा हात शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळला. ठकीच्या डाव्या बाजूची सीट.

वीस... अकरा...

चार.

त्याने झटकन हात मागे घेतला. तळवा पँटला पुसला. पुन्हा पुसला.

"सेन्सर चांगला आहे ताई." त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "एसीपण चांगला आहे."

"मग?"

तो त्या सीटकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

"आधी कोणाची होती ही गाडी?"

"दलालाकडून घेतली. मला काय माहीत?" माझा संयम संपला होता. मला कसलाच खुलासा नको होता, थंड हवा हवी होती. "त्या सेन्सरची वायर काढून टाका ना! गाडीला कळूच नका देऊ."

त्याने वायर काढली, काहीतरी जोडाजोड केली. मागच्या जाळीतून बर्फासारखी हवा आली.

घरी येताना ठकी पहिल्यांदाच गाडीत शांत झोपली. मी गाणं गुणगुणत होते. जिंकल्यासारखं वाटत होतं.

दारात गाडी लावली. तिला उचलायला वाकले...

अंग कोमट. डावा हात बर्फ.

नखं निळी पडलेली. मूठ अर्धवट मिटलेली, कोणाचं तरी बोट धरल्यासारखी. मी ती मिटवायला गेले. मिटेना.

नवरा तो हात कितीतरी वेळ चोळत बसला. नेहमीसारखा एक विनोद नाही. रंग परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "गाडी विकू."

गॅरेजवाल्याने वायर होती तशी जोडून दिली. घेणाऱ्याला मी आधीच सांगितलं, मागे गरम हवा येते, कोणालाच दुरुस्त करता आली नाही. तो म्हणाला, "बघून घेऊ."

आज दुपारी त्याचा फोन आला. मला वाटलं, भांडायला केलाय.

"काय ताई, उगाच घाबरवलंत! मागे एकदम गारेगार. काहीसुद्धा बिघाड नाही."

"तुम्ही काही... दुरुस्ती केली?"

"हातही नाही लावला."

मी फोन ठेवला.

म्हणजे आता गाडीत कोणी गारठलेलं नाही...

ठकी पलंगावर झोपली होती. पंखा चालू, तरी कपाळावर घाम. उजवा तळवा घामेजलेला.

मग मी तिचा डावा हात धरला.

हे लिहितेय ते एका हाताने. दुसऱ्या हातात तिची मूठ घट्ट धरून बसलेय. ती गरम होत नाहीये...

आणि मिटतही नाहीये.