टोक कापलेला गळ

बाबांच्या मासे धरायच्या काठीला दोरी गुंडाळायचं चाक नव्हतं. जपानी पद्धतीची, एकात एक सरकणारी काठी. दोरी थेट शेंड्याला बांधायची, तिच्या टोकाला गळावर पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. मासा लांब पळाला तर सोडायला जास्तीची दोरी नाही.

दर रविवारी सकाळी ते ओढ्यावर एकटेच जात. मी हट्ट केला की म्हणत, "तुझ्यात धीर नाही." लहानपणी मी तिथल्या डोहात पडले होते, त्यांनीच मला बाहेर काढलं होतं. म्हणून भीत असतील, असं मी धरून चालले.

पडण्याआधीचं मला एकच आठवतं. अंधारात मी त्यांचा हात दोनदा दाबायचे: आहात ना? तिकडून तीनदा: आहे. नंतर त्यांनी ते उत्तर कधीच दिलं नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी दोनदा दाबला. ते शुद्धीवर होते. माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात हळूच सोडवून घेतला.

ते गेल्यानंतरच्या रविवारी मी काठी उचलली तेव्हा आई भांडी पुसत होती.

"कशाला ती? जन्मात एक मासा घरी आला नाही. मी म्हणायचे, अहो, बाजारातून आणा आणि थाप मारा, मी मान डोलावेन." ती हसली. मग म्हणाली, "डोहावर नको जाऊस, बाळा. ते तिथे बोलत बसायचे."

"कुणाशी?"

तिने पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं.

डोहाशी ऊन होतं. त्यांचा बसायचा दगड पलीकडच्या काठावर. मी अलीकडे, घोटाभर पाण्यात उभी राहिले. त्यांची माश्यांची डबी उघडली. आत लाल रिबिनीची नवी गुंडाळी होती. पडण्याआधीच्या फोटोत लांब वेणीला अशीच रिबीन आहे; डोहातून निघाल्यापासून माझे केस आखूडच आहेत.

माशी बांधताना बोटाला काही टोचलं नाही. पिसं बाजूला केली. गळाचं टोक पकडीने कापून, घासून गुळगुळीत केलेलं. डबीतल्या सगळ्याच माश्यांचं.

म्हणजे मासा कधी धरायचाच नव्हता.

दोरी पाण्याला लागू न देता मी माशी तेवढी टेकवली.

ओढ बसली. दोनदा.

पुन्हा दोनदा.

बाबा, असंच वाटलं मला. काठीचा शेंडा मी तीनदा हलवला.

मग पाण्यावर लाल फूल दिसलं. वेणीला बांधतात तसं, रिबिनीचं. प्रवाह जोरात होता. फूल वाहत नव्हतं.

ते माझ्याकडे वळलं.

दोरी सैल झाली. हिसका नाही, झटका नाही. कुणीतरी हळूच सोडून दिली. दवाखान्यात बाबांनी हात सोडवून घेतला होता, तशीच.

फूल बुडालं नाही. पलीकडच्या रिकाम्या दगडाकडे वळलं, आणि तिथेच थांबलं.