राजेसाहेबांच्या जेवणाची घंटा

दुकानाची दर्शनी काच पुसणं हे माझं काम. सकाळी फळ्या काढल्या की आधी काच, मग जुनी चित्रं उतरवून नवी लावायची. दुकान माझ्या धाकट्या भावाचं, बार्नबीचं. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले आणि चित्रांत रंग भरायला शिकले. राजाचे गाल लाल, मंत्र्यांची नाकं जांभळी. आमच्याकडे खपायचं ते हेच. राजा आणि त्याचे मंत्री यांची टिंगल. ज्यांना एक चित्र विकत घेणं परवडत नसे, ते काचेसमोर उभे राहून फुकट हसत. अर्धं लंडन आमच्या काचेसमोर हसून गेलं असेल.

त्या हिवाळ्यात हसण्यासारखं काही नव्हतं. उत्तरेकडच्या चार विणकरांना फाशी झाली होती. पोट भरेना म्हणून ते गुत्त्यात बसून सरकारला शिव्या देत. त्यांच्यात एक नवा माणूस येऊन बसू लागला. बंड करू म्हणाला तो, भाले आणून दिले त्यानं, दिवसही त्यानंच ठरवला. तो निघाला गृहमंत्र्याचा पगारी हेर. चौघं फासावर गेले आणि हा कुठे गेला, ते कुणी सांगेना. अजूनही ती गोष्ट काढली की माझं डोकं तडकतं.

आमचा चित्रकार अँब्रोज टली फाशी बघायला तुरुंगासमोर गेला, वहीत चेहरे उतरवून आला आणि दोन दिवसांत त्यानं छपाईसाठी तांब्याचा पत्रा कोरला. राजा मेजाशी बसलाय, हातात हंसाची तंगडी. मागे मंत्री दोर ओढून जेवणाची घंटा वाजवताहेत. चार दोर, आणि घंटांच्या जागी चार विणकर लोंबताहेत. डोळे बाहेर आलेले, जिभा छातीपर्यंत. खाली नाव, ‘राजेसाहेबांच्या जेवणाची घंटा’.

मी रंग भरले. जिभासुद्धा मीच लाल केल्या. हे लपवत नाही.

पहिल्या दिवशी इतकी गर्दी झाली की गाड्यांना वाट मिळेना. लोक पोट धरून हसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतून काच पुसत होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि धुकं. लोकांच्या श्वासांनी काच बाहेरून पांढरी झालेली. फक्त एका जागी, उंच माणसाचं तोंड येईल तिथं, वीतभर काच स्वच्छ होती. तिच्यामागे कुणी नव्हतं. आणि एवढ्या रेटारेटीत तेवढीच एक माणूसभर जागा मोकळी होती.

मी बघत राहिले. एक पाववाला डोक्यावर पाटी घेऊन तिकडे घुसला. मध्येच थबकला, टोपीला हात लावला आणि वळसा घालून गेला. ओठ हलले ते मला दिसले. ‘माफ करा हं,’ म्हणाला तो.

मी शाल ओढून बाहेर गेले आणि त्या जागेजवळ उभी राहिले. सगळीकडे कोळशाच्या धुराचा वास, इथं मात्र ओल्या लोकरीचा... आणि कसल्याशा तेलाचा. आजूबाजूचे खदाखदा हसत होते. मधोमध तेवढं गप्प होतं. रिकामं नव्हतं, गप्प होतं. कुणीतरी ते चित्र लक्ष देऊन बघत होतं, आणि त्याला हसू येत नव्हतं.

मी आत आले ती हात चोळत. बार्नबीला सांगितलं.

“ताई, रंगाचा वास डोक्यात गेलाय तुझ्या. जरा पड जा.”

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. अंगावर दोन शाली, पायात पुरुषी बूट. थर्झा मार्ल तिचं नाव. चौघांतल्या गिडियन मार्लची बायको. नवऱ्याला शेवटचं बघायला उत्तरेहून नऊ दिवस चालत आली होती. नवऱ्याचं प्रेत मागितलं, तर तुरुंगाच्या दारावरच्यानं तिला हाकललं. कुणीतरी तिला म्हणालं होतं की सरकारविरुद्ध बोलणारं एक दुकान आहे, तिकडे जा.

तिनं चित्र हातात घेतलं. अँब्रोज शेजारीच उभा होता, शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं.

“हे तुम्ही काढलंत?”

“हो. मी हजर होतो तिथं.”

“मीही होते.” तिचा आवाज चढला नाही. “त्याची जीभ बाहेर नव्हती आली. तोंडावर टोपी ओढायच्या आधी तो समोर बघत होता. सरळ. मला शोधत होता... तुम्ही राजाला हसा हो, मंत्र्यांना हसा, त्यांच्या बापाला हसा. लोकांना माझ्या माणसावर का हसवलंत?”

अँब्रोजनं खाली बघितलं. “खपतं,” एवढंच म्हणाला.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाजेपेक्षा संताप जास्त. त्या हेराचा, त्या मंत्र्यांचा, आणि आमचासुद्धा. आम्ही काय वेगळं केलं होतं? त्यांनी त्याला लटकवलं आणि आम्ही तो लटकलेला दाखवून गिऱ्हाईक बोलावलं.

“गिडियन लोकरच विणायचा ना?” मी हळूच विचारलं. “मागाला तेल लावतात, त्याचा वास...”

तिनं माझ्याकडे एकटक बघितलं. मग काचेकडे बघितलं.

अँब्रोजनं त्याच दुपारी पत्रा काढला. चारही चेहरे घासून, घोटून सपाट केले. थर्झा जवळ बसून सांगत गेली, तो कोरायची सुई चालवत गेला. भुवई अशी नाही, जाड. हनुवटीला खळी. बाकी तिघंही तिच्याच गावचे, तिनं त्यांचंही सांगितलं. तेजाबातून पत्रा बाहेर आला तेव्हा राजा तसाच लठ्ठ होता, मंत्री तसेच माकडासारखे होते, पण वर लोंबणारी चार माणसं होती. माणसं. पोटच्या पोरासारखी ओळखीची वाटावीत अशी.

नेमका तेव्हाच बार्नबी बाहेरून आला. बरोबर राजवाड्यातला एक माणूस. व्हायनर नाव, हातमोजे पांढरेशुभ्र. चित्र बंद पाडायला व्हायनर परवा येऊन पत्रा घेऊन जाणार, असं ठरलं होतं दोघांचं. बदल्यात आमच्या दारावर राजमुद्रा लागणार होती, ‘राजेसाहेबांचे चित्रविक्रेते’ म्हणून.

तो गेल्यावर मी बार्नबीला धरलं. “राजमुद्रा? त्या मुद्रेनंच या चौघांच्या फाशीवर शिक्का मारलाय रे!”

“ताई, मला जगायचंय.”

“त्यांनाही जगायचं होतं.”

तो वर निघून गेला. पण जाताना छापखान्याची किल्ली मेजावर ठेवून गेला. विसरला की ठेवली, हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी, अँब्रोज आणि थर्झा, आम्ही तिघांनी छापलं. पत्रा निखाऱ्यावर गरम करायचा, शाई चोळायची, पुसायचा, दाबयंत्रातून काढायचा. दीडशे प्रती झाल्या. रंग भरला नाही, भरवेना. कॉफीखान्यांत गेल्या, गुत्त्यांत गेल्या, बंदराकडे गेल्या. एक मी काचेत लावली.

गर्दी जमली. कुणी हसलं नाही. पुढच्यानं टोपी काढली, मग मागच्यांनी काढली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “आणि तो हेर कुठाय?” लोक तेच विचारू लागले, एकमेकांना, मग रस्त्यानं जाणाऱ्या शिपायांना.

ती मोकळी जागा होतीच. थर्झा बाहेर गेली आणि त्या जागेशेजारी जाऊन उभी राहिली. काचेवर तिच्या श्वासाचा पांढरा डाग पडला. शेजारची काच स्वच्छच राहिली. तिनं डावा हात जरासा बाजूला केला, कुणाच्या तरी हातात द्यावा तसा, आणि बराच वेळ तशी उभी राहिली. आत आली तेव्हा बोटं निळी पडली होती.

“आता जाते,” ती म्हणाली. “तोही निघतोय... पण घरी नाही येत म्हणाला.”

“मग कुठे?”

तिनं मान हलवली. तिलाही ठाऊक नव्हतं. ती उत्तरेच्या रस्त्याला लागली. त्यानंतर काचेसमोरच्या गर्दीत ती मोकळी जागा उरली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हायनर दोन शिपाई घेऊन आला. राजाच्या बदनामीबद्दल मला आणि अँब्रोजला पकडायचा हुकूम होता. पुढे मला सहा महिने झाले, त्याला वर्ष. त्याचं दुःख नाही. चित्र तोवर इतकं फिरलं होतं की तुरुंगातल्या बायकांनाही गिडियन मार्लची हनुवटी पाठ होती, आणि शेवटी सरकारला त्या हेराचं नाव संसदेच्या भर सभेत कबूल करावं लागलं. पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

व्हायनरनं शेवटची उरलेली प्रत उचलली. वाचावी तशी बघत होता. मग त्याचा चेहरा आक्रसला.

“हा पाचवा दोर कुणासाठी?”

“चार आहेत,” अँब्रोज म्हणाला.

“मला मोजता येतं.”

आम्ही वाकून बघितलं. चार विणकर, चार दोर. आणि मंत्र्यांच्या डोक्यावर, आधी जिथं नुसता कोरा कागद होता तिथं, पाचवा. रिकामा. फास वळलेला, गाठ मारलेली.

अँब्रोजनं धावत जाऊन पत्रा आणला, उजेडात धरला. तिथंही होता. त्यानं नख फिरवलं.

“बाई... हा माझा हात नाही,” तो माझ्या कानात म्हणाला. “तेजाब तांबं एवढं खोल खातच नाही. मी असं कोरूच शकत नाही.”

व्हायनरनं पत्रा हिसकावून घेतला आणि लगेच मेजावर टाकला. हातमोजा काढून बोटं बघू लागला. एक शिपाई मागे सरकून दाराला टेकला होता.

पत्रा रात्रभर छापखान्याच्या गारठलेल्या खोलीत पडून होता, निखारे कधीच विझले होते. मी त्यावर हात ठेवला. राजा गार होता. मंत्री गार होते. चारही दोर बर्फासारखे. मग बोट पाचव्या रेघेवर आलं.

ती कोमट होती. आणि बोटाखाली, अगदी हलकेच, फास आवळावा तशी ताणली जात होती.