नववा इंच

फोटो फ्रेम करण्यात माझी पंचेचाळीस वर्षं गेली. शाळा चौथीपर्यंत. पण मापात कुणाचं ऐकून घेतलं नाही. भूतखेत मी मानत नाही. पाहिलं तेवढं सांगतो.

दुपारचे चार वाजले होते. नात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत होती. घरातला जुना फोटो तिने आत घेतला होता, पण पडद्यावर त्यातला एकच चौकोन दिसत होता.

"बाकीचा गेला कुठे?"

"आत आहे, आजोबा. डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. सांगाल तेवढाच तुकडा पडद्यावर रंगवायचा."

"म्हणजे पुठ्ठ्याला खिडकी कापायची. त्यात नवीन काय?"

"झालं! माझी चार वर्षांची फी पुठ्ठ्यात गेली," ती हसली. "मग तुम्हीच सांगा माप. इंचात चालेल."

मी फोटोकडे न बघताच सांगितलं, "डावीकडून आठ, वरून दोन. रुंदी दोन, उंची तीन."

तिने आकडे घातले, बटण दाबलं आणि थांबली. "अहो, फोटोच आठ इंचांचा आहे. नववा इंच कुठून आणू? कोराच येणार."

मुळात फोटो दहा इंचांचा होता. उजवीकडचे दोन इंच मीच कापले होते. तिथे थोरली उभी होती, माझी मुलगी. माझा शब्द मोडून तिने लग्न केलं, त्याच संध्याकाळी मी फ्रेम उघडली, पट्टी ठेवली, पातं फिरवलं. पंचवीस वर्षं तिचं नाव घरात निघालं नाही.

चौकोन कोरा आला नाही.

आधी करडा झाला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. औषधांचा वास आला... फिनेलचाही. मग वरून खाली, ओळीओळीने चित्र भरत गेलं. सलाईनची बाटली. पलंग. उशीवर थोरली. फोटोतली एकोणीस वर्षांची नव्हे. कानाजवळ पांढरे केस आलेली.

"आजोबा... ही आत्या?"

"हं."

"पण असा फोटो... मी घेतलेलाच नाही."

थोरलीने मान वळवली. सरळ माझ्याकडे पाहिलं. हात जरासा उचलला. आणि चौकोन विझला.

"परत दाब."

"दाबलं... कोरा आहे."

"आत्याशी चोरून बोलतेस, ठाऊक आहे मला. फोन लाव."

जावयाने उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं, जिवावरचं. "तीच म्हणाली, कुणाला कळवू नका," तो म्हणाला. "बाबा येणार नाहीत, उगाच कशाला विचारायचं."

त्याच संध्याकाळी सहाला मी वॉर्डात पोचलो. थोरलीला नवल वाटलं नाही. तिने डावीकडे बोट केलं.

"बाबा, मघाशी खिडकीत नुसतेच उभे राहिलात. मी हात केला तरी आत आला नाहीत."

"उशीर केला मी," म्हणालो. "चुकलं माझं."

तिने माझी बोटं धरली. डोळा लागेपर्यंत सोडली नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. आता दर रविवारी येते आणि माझ्याशी भांडते. पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. ती झोपल्यावर मी उठून तिने दाखवलेल्या बाजूला गेलो. तिथे खिडकी नव्हती. सलग भिंत होती. हात फिरवला. सगळी भिंत गार. मधला एक चौकोन तेवढा उबदार होता, पलीकडून कुणी तळवा टेकून उभं असावं तसा.