शेवटच्या गाडीची काठी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवस मावळत होता.

आमच्याकडे एक राज्य महामार्ग आहे. नाव मोठं, रस्ता एवढासा. दगडखाणीपासून रेल्वे स्टेशनपर्यंत, बस्स. पुढे खाण बंद पडली, मग स्टेशनही. दोन्ही टोकांना काही उरलं नाही, मधला रस्ता तेवढा राहिला.

तो दुरुस्तीला काढला होता. खिंडीत एकच बाजू चालू. एका टोकाला झेंडा घेऊन मी, दुसऱ्या टोकाला माझी नणंद. मध्ये वळण, त्यामुळे दिवसभर एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. म्हणूनच तुमचं पटतं, असं नवरा म्हणायचा.

तिथे मोबाइलला रेंज नाही. म्हणून एक काठी ठेवलेली. तिकडून येणाऱ्या शेवटच्या गाडीवाल्याने ती माझ्या हातात द्यायची. काठी आली म्हणजे खिंड मोकळी. मग मी माझ्याकडच्या गाड्या सोडायच्या.

काठी एकच होती.

त्या दिवशी उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले होते. तिकडून बराच वेळ काही आलं नव्हतं. इकडे दुधाचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून डोकं उठवत होता.

अचानक हॉर्न थांबला… वाराही…

वळणावरून एक बाई चालत आली. भुवयांपर्यंत धूळ. खडीवरून येत होती, पण पावलांचा आवाज नाही…

वाटलं, नणंदेनेच एखादी मजूर बाई पाठवली असेल.

"मागे कोणी नाही," ती म्हणाली. काठी पुढे केली. "धरतेस ना, बाई?"

"आणा इकडे."

मी काठी घेतली. डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा तिने सुस्कारा सोडला…

मी झेंडा उचलणार, तेवढ्यात वळणावरून खडीचा डंपर धडधडत आला. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला.

त्याच्या हातात आमची काठी होती.

टेम्पो सोडला असता तर…

मागे वळून पाहिलं. बाई नव्हती.

म्हाताऱ्या मुकादमाला ती दुसरी काठी दाखवली. तो हात मागे घेऊन उभा राहिला.

"रस्ता झाला तेव्हा खिंडीत दरड कोसळली होती. झेंड्यावर एक बाई होती. तिची सुटी केव्हाच झालेली, पण बदलीची बाई आलीच नाही. माझा बाप सांगायचा…" मग त्याने विचारलं, "तू आपणहून घेतलीस?"

"हो."

"मग आता कोणीतरी आपणहून घेईपर्यंत…"

तो पाठ फिरवून निघून गेला.

मी ती काठी चुलीत घातली. खाणीत फेकली. सकाळी दाराशी असते…

रात्रभर झोपते. उठते तेव्हा पाय सुजलेले असतात, तळव्यांत खडी रुतलेली असते. रस्त्याचं काम कधीच संपलं. मला मात्र सुटी नाही.

आता ती काठी टेकतच चालते. लोकांना वाटतं, गुडघे गेले. मला भीती वाटते, पण खरं सांगू? भीतीपेक्षा कंटाळा आलाय.

नणंदेला मी काही सांगितलेलं नाही. तिचा जीव आहे माझ्यावर.

"वहिनी, किती वाळलीस गं! आण ती काठी, दोन मिनिटं मी धरते."

मी नको म्हणते. दर वेळी म्हणते.

काल तिने हात पुढे केला… आणि 'नको' म्हणायला मला फार वेळ लागला.