गंगीचा खरवस

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा मधेच वीणा थांबवून एखादा गोड दाखला देतात ना, तशी ही गोष्ट. प्रेमाची आहे, अन् एका कालवडीचीही.

शेवगावहून निघालेल्या एसटीत स्नेहलच्या शेजारी एक तरुण बसला होता. मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला थर्मास. खड्डा आला की तो त्याला तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरी.

"चहाला इतकं जपतात होय तुमच्याकडे?" तिनं विचारलंच.

"चहा न्हाई… रक्त हाय. आमच्या गंगी कालवडीचं."

स्नेहलला हसू आलं. ते रक्त तपासणारी तीच होती! जनावरांच्या पेशींतली गुणसूत्रं मोजायची, हेच तिचं प्रयोगशाळेतलं काम.

मग वाटभर तो, अजिनाथ, बोलत राहिला. गंगी जुळ्यातली, गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली. वय झालं तरी माजावर येईना, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलेलं. आणि त्याच्या आईनं, झुंबरबाईनं, मढीच्या नाथाला नवस बोललेला… गंगीच्या खरवसाचा निवद दाखवीन, मगच पोराच्या डोक्यावर अक्षता.

"म्हंजे बगा, माझं लगीन तुमच्या काचंखाली अडकलंय," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत लाजला.

पेशी वाढायला काही दिवस लागतात. तोवर रोज फोन. आधी गंगीची चौकशी, मग 'तुमी जेवलात का', मग नुसतीच शांतता… आणि फोन दोघांनाही ठेववेना.

गाईला गुणसूत्रं साठ, तीस जोड्या. पहिल्या पेशीत बरोबर साठ भरली. स्नेहलला धीर कुठला! पुढच्या पेशी न बघताच तिनं फोन लावला. "साठ आहेत. पुरती. गंगीत खोट नाही."

पलीकडून अजिनाथ म्हणाला, "मग एक बोलायचं हुतं… समोर यीऊन बोलतो."

दुसऱ्या पेशीतही साठच होती. पण त्यांत एक लहानसं गुणसूत्र नराचं होतं. तिसरीतही तेच. जुळ्या भावाचं रक्त पोटातच गंगीत मिसळलं होतं. तिची कूस घडलीच नव्हती. आकडा बरोबर, पण गंगी कधीच व्यायची नाही. आणि तिकडे झुंबरबाईनं आळीभर साखर वाटलेली!

गप्प बसावं? खरं सांगितलं तर नवस जन्मात फिटणार नाही, अन् अजिनाथ… पण त्या माऊलीशी खोटं बोलून तिच्या उंबऱ्यात पाऊल कसं टाकायचं? सकाळच्याच गाडीनं ती निघाली.

अजिनाथच्या गोठ्यात उभी राहून तिनं झुंबरबाईला सगळं सांगितलं. घाई आपलीच झाली, हेही. अजिनाथ दाव्याचा पीळ उलगडत राहिला, वर बघेना.

"तिचा दोष नाही, मावशी," स्नेहल म्हणाली. "पोटात असताना भावाचं रक्त तिच्यात आलं, तिचं भावात गेलं. आजही दोघं ते अंगात वागवतायत."

झुंबरबाई बराच वेळ गंगीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तिचं रक्त भावात हाय म्हंतीस?"

"हो."

"त्यो गोऱ्हा माझ्या भावाच्या गोठ्यावर वळू झालाय. त्याच्यापासनं तिथली कपिला गाय आता व्यायला झालीया." तिनं पदरानं डोळे टिपले. "मग खरवस तिथनं यील. नाथाला रक्ताची वळख असतीया. अन् गंगी कुटं जायची न्हाई. माहेरवाशीन हाय ती."

"आन् माझं?" अजिनाथ पुटपुटला.

"मुडद्या, मला काय इचारतो? समोर हुबी हाय, तिला इचार."

त्यानं दावं खाली ठेवलं. "तुमी… म्हंजे तू… येशील का इथं? कायमची?"

"गंगीसाठी?"

"गंगीसाठीबी."

स्नेहलनं मान खाली घातली. पण हसू लपेना. कपिला सुखरूप व्याईपर्यंत दोघांच्या जिवाला घोर होताच… तिच्या वेणा सुरू झाल्या त्या दिवशी झुंबरबाईनं पाणीही घेतलं नाही. पण कालवड झाली. वेलदोड्याचा वास घेऊन खरवस मढीला गेला, अन् मग अक्षता पडल्या.

तेवढं एक करा मायबाप. कधी पानात खरवस आला, तर पहिला घास घेताना त्या कधीच न व्यालेल्या गंगीची आठवण काढा.